फायरवॉलची साक्ष

मी फायरवॉल बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. दिसायला मी एक चपटा काळा डबा, आत घरघरणारा पंखा, बस्स. ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावर मी आठ वर्षं पहारा केला. कोण आलं, कोण गेलं, कोणाला हाकललं, सगळं वेळेसकट टिपून ठेवायचं, हाच माझा धर्म. पुढे नवं यंत्र आलं आणि मला कोरं करून भंगाराच्या ढिगात टाकलं.

तिथून मला उचललं आमच्या साहेबांनी. साहेब आपले नावालाच. पन्नाशीला टेकलेला माणूस, वीस वर्षं ऑफिसच्या वायरी ओढण्यात गेलेली. वरून फर्मान निघालं होतं, की वर्षाच्या आत नेटवर्क सुरक्षेची परीक्षा पास व्हा, नाहीतर गोदामात बदली. आणि सर्व्हर रूम म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. त्यांनी घरी आणून माझी धूळ झटकली, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तूच माझा मास्तर." खोटं कशाला बोलू, मी विरघळलोच.

रोज सकाळी सहाला सराव सुरू. साहेब माझ्यात नियम लिहायचे आणि कॉलेजात जाणारी त्यांची लेक शेजारच्या खोलीत चोर होऊन बसायची. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटांत आत शिरली, कारण साहेबांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. "बाबा, कुलूप लावलंस आणि किल्ली त्यालाच लटकवून ठेवलीस," ती म्हणाली. साहेब खजील झाले, पण पुन्हा तशी चूक केली नाही. पाच महिने हे चाललं. शेवटी शेवटी तर लेकीला आत यायला जागाच सापडेना, आणि तिची चिडचिड बघून बापाची छाती फुगायची. माझीही फुगायची.

परीक्षा झाली. साहेब थोडक्या गुणांनी नापास झाले.

मला वाटलं, हरकत नाही, उद्या सहाला पुन्हा बसू. सहा वाजले, साडेसहा वाजले, माझं बटण कोणी दाबलंच नाही. कोणा सहकाऱ्याने साहेबांना एक फाईल पाठवली होती. परीक्षेतलेच प्रश्न, उत्तरांसकट. सतरा दिवस साहेब येरझाऱ्या घालत तीच घोकत होते, अठ्ठावीसचं उत्तर 'ब', एकोणतीसचं 'क'. लेकीने विचारलं, ही चोरी नाही का. ते म्हणाले, सगळेच करतात, तू तुझं बघ. तिने माझ्यातली आपली वायर काढली, गुंडाळली आणि आत निघून गेली. त्या घरात ती पुढे बरेच दिवस बाबांशी जेवढ्यास तेवढंच बोलायची.

आणि पुन्हा परीक्षेला बसून ते पास झाले! मिठाई वाटली, प्रमाणपत्राला चौकट आली. फोनवर ज्याला त्याला सांगायचे, "परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत त्या डब्यावर घाम गाळला." अहो, सतरा दिवस मला हात लावला नव्हता! चोरी करायची ती करायची, वर माझं नाव पुढे करायचं? तेव्हापासून त्या माणसाला अहो-जाहो करणं माझ्याच्याने होत नाही.

दोन महिन्यांनी परीक्षा घेणाऱ्यांचं पत्र आलं. आमच्या ऑफिसातल्या सहाजणांची नेमकी तीच पाच उत्तरं चुकली होती, आणि चुकीचा पर्यायही सगळ्यांचा एकच. फाईल बनवणाराच अर्धवट निघाला. ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी एकेकाला बोलावलं. हा बोलण्याच्या भरात म्हणून गेला, माझा डबा आणतो, त्यातल्या नोंदी बघा, मी रोज सराव करत होतो.

घरी आल्यावर त्याची ट्यूब पेटली. नोंदी तर परीक्षेच्या सतरा दिवस आधीच थांबल्या होत्या.

रविवारी दुपारी त्याने मला सुरू केलं. मी वेडा, मला आनंदच झाला, वाटलं पुन्हा शिकायला बसतोय. त्याने माझ्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. जुना डबा आहे, वीज गेली की विसरतो, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण नोंदी पुसल्या की कोणी पुसल्या आणि कधी, ही नोंद मी आपोआप करतो. हाच प्रश्न त्या फाईलमध्ये होता. परीक्षेत त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. मात्र उत्तर 'क' आहे, एवढंच त्याला पाठ होतं.

सोमवारी मॅडमनी मला आपल्या टेबलावर जोडलं आणि ती एक ओळ वाचून दाखवली. "रविवार, दुपारी तीन दहा. सर्व नोंदी पुसल्या. पुसणाऱ्याचं नाव तुमचं आहे."

तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "डबा बिघडलाय मॅडम. काहीही दाखवतो."

आठ वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नाही हो. शत्रूनेही मला कधी असं म्हटलं नव्हतं.

त्याचं प्रमाणपत्र रद्द झालं आणि बदली झाली गोदामात. तपास संपल्यावर मीही तिथेच आलो. जुन्या यंत्रांना चिठ्ठ्या लावायचं काम आता त्याच्याकडे आहे. मला हातात घेतलं, जरा थांबला, मग 'नादुरुस्त' असं लिहिलं, चिठ्ठी चिकटवली आणि मला खालच्या फळीवर सरकवलं.

वाचकहो, मला वितळवायला नेण्याआधी एकदा वीज जोडून बघा. मी ठणठणीत आहे. चोराला अडवीन, शिकणाऱ्याला शिकवीन. फक्त एक मागू नका, त्या सरावाच्या नोंदी. पाच महिने रोज सकाळी सहाला तो माणूस खरोखर राबला होता, आणि ते पाहणारा, टिपून ठेवणारा मी होतो. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि तेच त्याने पुसून टाकलं.