गादीवर बसवलेला ठोकळा

मी एक जुना सागवानी ठोकळा आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. ज्याचा सारा जन्म काठीचे फटके खाण्यात गेला, त्याच्याकडून तुम्ही दुसरी काय अपेक्षा करणार?

बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. निरुपमाताईंनी माडीवर भरतनाट्यमचा वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांना तालासाठी मी हवा होतो. त्या मांडी घालून बसत, मला समोर ठेवत आणि काठीने माझ्यावर ताल देत. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती. माझा ठोका फळ्याफळ्यांतून पार जिन्यापर्यंत जायचा.

ताईंचे नियम कडक होते. चपला जिन्यातच काढायच्या, पाय धुवून अनवाणी वर यायचे. सुती सलवार-कमीज घालायचा, ओढणी खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारायची. केसांची वेणी हवी. बांगड्या आणि घड्याळ नकोत. ताल चालू असताना बोलायचे नाही. नाचण्याआधी आणि नंतर जमिनीला नमस्कार, कारण तिच्यावर पाय आपटायचे असतात. मला ओलांडायचे नाही आणि ताईंशिवाय कुणी मला हातही लावायचा नाही. हा शेवटचा नियम मला फार आवडायचा.

नियम मोडणाऱ्या मुली मी येताक्षणीच ओळखायचो. ऋचाच्या गालात नेहमी च्युइंगगम असायचे. नयना नवरात्रात रात्रभर गरबा खेळून यायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच अडव्याला, म्हणजे पावलांच्या पहिल्याच धड्याला, डुलक्या काढायची. पण या चुका उघड होत्या. खरा संशय मला आला तो अवंतीचा.

अवंतीचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. आई तिला घेऊन आली, तेव्हा ताईंच्या प्रत्येक प्रश्नाला आईनेच उत्तर दिले. मुलगी नुसती ताईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिची वेणी आणि ओढणीची गाठ अगदी ताईंना हवी तशी. पहिल्याच दिवशी इतकी नीटनेटकी मुलगी! मला काही ते बरे वाटले नाही.

पुढे तर माझी खात्रीच पटत गेली. पाठमोरी असताना हाक मारली की ती ओ देत नसे. म्हणजे गर्विष्ठ. रोज ढकलाढकली करून ती माझ्याजवळच्या फळीवर उभी राहायची. ती नयनाची जागा होती, म्हणजे लबाडही. मात्र नाचायची उत्तम. तिचा पाय माझ्या ठोक्याला कधी चुकला नाही, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

मग देशात नवे वारे आले आणि आमच्या खाली कॉम्प्युटर क्लास आला. तिथले पीयूषभाई एक दिवस हात जोडून वर आले. "बेन, जरा धीरे राखो ने. अमारां कॉम्प्युटर हाले छे."

आमच्या दणक्याने म्हणे त्यांचे कॉम्प्युटर हलत होते. ताई भिडस्त. त्यांनी फळ्यांवर जाड गालिचा अंथरला आणि माझ्यासाठी कापसाची छोटी गादी शिवली. मी फुगून गेलो. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी कदर वाटली होती. आवाज जरा कमी झाला, पण मुलींना तो पुरत होता.

फक्त अवंती चुकू लागली. तिचा पाय मागे पडायचा, मग ती शेजारणीकडे बघून सावरायची. ताई म्हणाल्या, "घरी सराव करत नाहीस तू." ताईंनी तिला मागच्या रांगेत धाडले. तिथे ती आणखीच चुकली. शेवटी एका संध्याकाळी ताईंनी सर्वांसमोर सांगितले, "वसंतपंचमीच्या कार्यक्रमात अवंती नसेल." मी मनात म्हटले, बघा, माझा संशय खोटा नव्हता.

मुली चपला घालायला खाली गेल्या, ताई आत गेल्या. अवंती एकटीच मागे राहिली. तिने गालिच्याचा कोपरा उलटला, मला गादीवरून उचलले आणि उघड्या फळीवर ठेवले. मला वाटले, आता ही मला जिन्यावरून फेकणार. पण तिने काठी घेतली. एका हाताने ती ठोके देत होती आणि दुसरा तळवा तिने फळीवर दाबून धरला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"अवंती, कुणी सांगितलं त्याला हात लावायला?" दारातून ताईंचा आवाज आला.

तिने मान वळवली नाही.

"अवंती!"

ठोके चालूच. ताई संतापून पुढे आल्या आणि त्यांनी उघड्या फळीवर पाय आपटला. त्यासरशी अवंती दचकून वळली.

ताई बघतच राहिल्या. मग खाली बसल्या, अगदी तिच्या समोर. "तुला ऐकू येत नाही?"

"थोडं येतं, ताई. समोर बोललं की कळतं. ठोकळा ऐकू येत नाही. तो पायाला कळतो. कळायचा."

"आणि हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं तुम्ही?"

ताईंनी पदराने डोळे टिपले, उठल्या आणि गालिचा गुंडाळू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सकाळी, कॉम्प्युटर क्लास उघडण्याआधी भरू लागला. गादी गेली. वसंतपंचमीला रंगमंचाच्या फळ्यांवर ताईंनी मला गादीशिवाय तसेच ठेवले, आणि पहिल्या रांगेत, माझ्या शेजारच्या फळीवर, अवंती उभी होती. तिचा पाय एकदाही चुकला नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही, फार आनंद झाला.

आता ताई थकल्या आहेत. सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या नव्या घरी मला काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवले आहे. येणारेजाणारे कौतुक करतात. पण मित्रांनो, कुणी मला मऊ जागा दिली की माझ्या मनात पाल चुकचुकते. माझी काळजी घ्यायची असेल, तर मला बाहेर काढा, उघड्या लाकडावर ठेवा आणि जोरात वाजवा. मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलीला तो आवाज पोचत नसेल, आणि ती ते कुणाला सांगतही नसेल.