विहिरीतला माणूस

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण माझ्या बहिणीला विचारायला जाऊ नका. ती अजून या विषयावर बोलत नाही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लिफ्टचे मेकॅनिक. अर्धं आयुष्य कंपनीत घासून एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. म्हणाले, "आता साहेब मीच, नोकरही मीच."

बहीण म्हणाली, "म्हणजे शिव्या देणारे तुम्ही आणि खाणारेही तुम्हीच."

त्यांच्या कामात एक नियम असतो. लिफ्टच्या विहिरीत, म्हणजे ती वरखाली होते त्या खोल पोकळीत, उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, वर आपल्या नावाची पाटी अडकवायची. पाटी लटकतेय तोवर आत माणूस आहे असं धरायचं. ज्याने अडकवली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी एका इमारतीत काम चालू असतानाच निरोपाचा केक कापायला फोन आला आणि दाजी हात पुसत पळाले. पाटी राहिली.

स्वतःचा धंदा सुरू झाला, पण पाना धरला की हातात जीवच नाही. पहिलंच गिऱ्हाईक, कापडाचा घाऊक व्यापारी, वैतागला. "मिस्त्री, उद्या माझी मालाची लिफ्ट हलली नाही तर कंपनीला बोलावतो."

"हे काम गेलं तर मलाही कंपनीच्याच दारात उभं राहावं लागणार," दाजी घरी येऊन म्हणाले.

बहिणीचं लक्ष त्यांच्या नखांकडे होतं. "पिवळं ग्रीस? आपण तर काळं आणलंय."

पिवळं कंपनीचं. दाजींना पाटी आठवली आणि ते तसेच निघाले. जाताना सोबतीला मला नेलं.

त्या इमारतीचा वॉचमन खेकसला, "तुमचा माणूस वर कधी यायचा? दिवसभर ठोकत असतो. डबासुद्धा खात नाही!"

दाजींनी दार सरकवून खाली वाकून विचारलं, "कोण आहे?"

"मी." आवाज दाजींचाच, फक्त थकलेला.

"अरे, राजीनामा दिलाय आपण."

"तुम्ही दिलात. मला कुणी विचारलं?"

"वर ये."

"आणि पगार? आजारी पडलो तर? रजा कोण देणार?"

मी दाजींच्या कानाशी लागलो, "काढा पाटी, करा लिफ्ट चालू. कटकट मिटली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "आत माणूस असताना?"

मग खाली तोंड करून म्हणाले, "माझ्याकडे कामाला ये. मला मिळालं तर तुला मिळेल."

"साहेब कोण?"

"मीच."

खालून बराच वेळ हसू ऐकू आलं. मग शिडी करकरली. वर कुणी आलं नाही, पण पाठीवर पोतं पडावं तसे दाजी एकदम वाकले. तसंच वाकून त्यांनी पाटी काढली.

व्यापाऱ्याची लिफ्ट दुसऱ्या दिवशी चालली. धंदाही जोरात आहे. फक्त जेवताना मधेच घास हातात धरून दाजी कुणाला तरी विचारतात, "साहेब, जाऊ का घरी?"

"अहो, घरीच आहात," बहीण म्हणते.

ते तिच्याकडे पाहत नाहीत. आवाज जरा चढवून स्वतःच उत्तर देतात, "एवढं संपवून जा."