दोन पाट्यांवरचे दोन श्री

शिवांजलीनं आठवडाभर घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. न्यायाधीशाच्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर तिनं ठरवलं, टिपणं हातानंच काढायची, पण कागदाचा ढीग नको. पेननं लिहायचा टॅब हवा. कुठला? सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.

धाराशिवच्या दुकानात मालक गोरोबानं दोन पीस पुढं ठेवले. एक झगमगीत, रंगीत, सिनेमासुद्धा दाखवणारा. दुसरा राखाडी, कागदासारखा खरखरीत; त्यावर लिहायचं, वाचायचं, बास. राखाडीच घ्यावा, हे तिला कळत होतं. रंगीत घरी आला की पहिलं कलम वाचायच्या आत आपण रील बघत बसणार, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक? पण हात सारखा रंगीताकडंच जायचा.

"ह्याला रंगच न्हाईत व्हय?" नळदुर्गात सिमेंट-लोखंड विकणाऱ्या तिच्या वडलांनी, चन्नबसप्पांनी, राखाडीला बोटानं टोकरलं. "पावसात भिजलंय का काय?"

"अप्पा, ते डोळ्यांना..."

"तू गप. लिहून बघू दे."

आणि त्यांनी रंगीतावर ठसठशीत श्री काढला. त्यांच्या घरात कोऱ्या पानावर पहिला श्रीच पडायचा. गोरोबा सवयीनं पुसायला गेला.

"ए, हात लावू नको! काढलेला श्री पुसत्यात व्हय? हाच बांध."

दाखवायचा पीस खपतोय म्हटल्यावर गोरोबानं सीलबंद नव्या पीसचं नावच काढलं नाही.

शिवांजलीला खरं तर जरा बरंच वाटलं. आपण काही ठरवलंच नाही. तिसऱ्यांदा नापास झालो तर तेही अप्पांच्या माथी! हे मनात आलं अन् तिची तिलाच लाज वाटली. तिनं पेन हिसकावून घेतला आणि राखाडीवर त्याहून मोठा श्री काढला.

"आता, अप्पा?"

चन्नबसप्पांनी भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं लेकीकडं बघितलं. "लई वकिली शिकलीस." मग गोरोबाला दरडावलं, "माझा श्री तुझ्या दुकानात ऱ्हाऊ दे, बरकत येईल. पुसलास तर बघ. ते भिजलेलं बांध."

एसटीत खोकं मांडीवर घेऊन ती सारखी चुळबुळत होती. तुळजापूर मागं पडलं तरी अभ्यास टाळायला एकही सबब सापडेना. चार्जिंग तरी संपलेलं असेल, अशा आशेनं तिनं खोकं उघडून बटण दाबलं.

भरलेलं होतं.