पूर्ण हजेरी

खुरपं टाकून ती मिरचीच्या रानातून उठली, तशी शेजारीण करवादली, "कुठं निघालीस गं? वाफा अर्धा पडलाय!"

"शाळेत. सरकारी बाई आल्यात. घरच्या दुखणाइतापायी ज्यांच्या पोरांची शाळा बुडते, त्यांच्या घरी दिवसभराची मदतनीस देणार म्हणे."

"मग पळ की! वाफ्याचं मी बघते."

आणि ती पळाली. का नाही पळणार? नवरा झाडावरून पडला त्याला दोन वर्षं झाली. कमरेखालचं अंग लुळं. तासातासाला कूस बदलली नाही की पाठीला जखमा होतात. आई रानात गेली नाही तर चूल पेटत नाही, म्हणून बापापाशी लेक. दहा वर्षांची! हे काय वय झालं का?

गुरुजी मात्र देवमाणूस. "नाव तेवढं कापू नका," म्हणून आईनं हात जोडले होते. त्यांनी नाव कापलं नाहीच, वर रोज पोरीची हजेरी लावत गेले. शाळा सुटली की येऊन उंबऱ्यात बसायचे आणि तिला शिकवायचे.

घरी आल्यावर आधी मायलेकींनी बापाची कूस बदलली. "आलोच आम्ही," आई म्हणाली.

"जा, जा. मी कुठं पळून जातोय?" बाप हसला.

शाळेत बाईंनी हजेरीपट उघडला, पानं उलटली. "अहो, हिची तर दोन वर्षांत एक गैरहजेरी नाही! मदत आहे ती निम्म्याहून कमी हजेरी असलेल्यांना."

आईनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खोटी हजेरी कबूल केली की नोकरी गेलीच. तरी माणूस उठला. "बाई, ती हजेरी मी..."

"मी रोज येते शाळेत!" लेक मध्येच मोठ्यानं म्हणाली.

"हो? मग फळ्यावरचं वाच बघू."

पोरीनं घडाघडा वाचलं, कुठं अडखळली नाही. बाई खूष. "शाबास! घरात असं दुखणं, तरी पूर्ण हजेरी! टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी."

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. गुरुजी तेवढे खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले. आईच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. गिळताना काय झालं ते तिचं तिला ठाऊक.

वाटेत तिला राहवलं नाही. "का गं खोटं बोललीस? मदतनीस मिळाली असती की घरात!"

"आणि गुरुजींना काढलं असतं म्हणजे?" लेक म्हणाली. "मला मग कोण शिकवणार?"

आईला भर रस्त्यात रडू फुटलं. लेक मात्र थांबली नाही, झपाझपा पुढं निघाली, कारण तास कधीच उलटून गेला होता.

बाप जसा ठेवला होता तसाच, भिंतीकडे तोंड करून पडलेला. पावलं ऐकून त्यानं विचारलं, "काय झालं गं? मिळणार का मदतनीस?"

"मिळेल," आई म्हणाली. "पुढल्या वर्षी बघू म्हणाल्या."

लेकीनं फ्रॉकला हात पुसले आणि बापाच्या खांद्याखाली घातले.

"आई, तू कमरेला धर. आज फार उशीर झालाय."