सोळा टप्प्यांचे शॉक अब्सॉर्बर

आपल्या पहिल्या मोटार शर्यतीत मेहुणी लुडमिलाच्या मागे राहायचं नाही, एवढीच राडोव्हानची प्रतिज्ञा होती. त्यासाठी तीन महिने अभ्यास करून त्याने सोळा टप्प्यांत कडक-मऊ होणारे शॉक अब्सॉर्बर निवडले.

"आणि गाडी चालवायचा अभ्यास?" गॅरेजवाल्या बोहुमिलकाकांनी विचारलं.

"काका, तुमचा जमाना गेला."

लुडमिलाने काकांचं ऐकून साधे बसवले आणि तीन महिने गाडीच चालवली.

शर्यतीच्या सकाळी राडोव्हानने ऊन पाहून दोन टप्पे कडक केले, ढग आल्यावर एक मऊ. तो मागच्या चाकाशी वाकलेला असतानाच लुडमिला पहिली फेरी संपवून समोरून गेली.

"राहिलास की रे मागे!" काका म्हणाले.

"मागे कुठे? मी अजून निघालोच नाही!"