कप्तान मिरांडाचं रक्त

अ‍ॅग्नेसने पदराने वहीवरची वाळवीची माती झटकली आणि ती लिओसमोर सरकवली. ठाण्याच्या चर्चमधली ही बाप्तिस्म्याची सहावी वही. पहिल्या पाच वह्यांतून पिढ्या मागे मागे नेत ते इथवर आले होते, पण गॅब्रिएल मिरांडाला हवा असलेला फिरंगी पूर्वज काही भेटत नव्हता. तो भेटेपर्यंत मुलीचं लग्न ठरवायचं नाही, असा त्याचा हट्ट.

कोलशेतचा जेराल्ड मिरांडा अ‍ॅग्नेससाठी दोन वर्षं थांबला होता. "त्यांनी नुसतं आडनाव उचललंय, आपलं कप्तानाचं रक्त," हे बापाकडून ऐकून अ‍ॅग्नेसचे कान किटले होते. हे कप्तानाचं रक्त दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भात लावत होतं, ते सोडा.

"सापडला," म्हातारा कारकून लिओ म्हणाला. पोर्तुगीज वाचता येणारा गावात तो एकटाच. "कप्तान मिरांडा."

गॅब्रिएल ताठ बसला.

"बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलाय. एका दिवशी एकेचाळीस जणांचा. सगळ्यांना त्याचंच आडनाव दिलं. हा तुमचा, भिवा. खालचा कोलशेतचा, धाकू. जेराल्डची मंडळी त्याचीच."

अ‍ॅग्नेसला हसू आवरेना.

"बा, मंग आपन नि ते सारखेच."

गॅब्रिएलने दाढी खाजवली.

"एकाच कप्तानाचे म्हंजे भावकी झाली. जेराल्ड तुझा भाव लागतो. भावकीत सोयरीक करत नाय."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. दोनशे वर्षं येशूपुढे गुडघे टेकून झाले, तरी भावकी काही सुटली नव्हती.

"लिओकाका, भिवाचा बाप कोन लिवलाय?"

"सोनू."

"नि धाकूचा?"

"राघो."

तिने वही बापाकडे फिरवली.

"कप्तान आपला बाप असंल, तर जेराल्ड माझा भाव. मंग मी जन्मभर तुझ्याच घरात ऱ्हाईन, दुसरं थल बघू नको. सोनू असंल, तर कोलशेतला चल, लगीन ठरवायला. कोन ते तूच सांग."

गॅब्रिएलला वाचता येत नव्हतं. तरी तो त्या ओळीकडे बघत राहिला. लिओने चष्मा पुसायला घेतला.

"सोनू," गॅब्रिएल म्हणाला. मग पोरीकडे न बघताच, "आता नको, खाडीला ओहोटी लागली असंल. उद्या सकाळच्या होडीनं जाऊ."