डोक्यावर टीव्ही, पोटात दोन वीर

मित्रांनो, मी जुनी लोखंडी ट्रंक. फौजेतली आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला कुणी धान्याच्या कणगीशेजारी मोजायला नको. अंगावर गंज चढलाय, एक बिजागरी कुरकुरते, पण वाकले म्हणून नाही. झाकणावर एक पोचा आहे. त्याची हकिकत आहे, ती पुढे येईल. मला अक्षर येत नाही. माझ्या पुढ्यात पांढऱ्या रंगात जे नाव काढलंय तेवढंच मी ओळखते, आणि एका नावावर आजवर माझं काही अडलं नाही.

ते नाव हवालदार जोतीरामचं. उत्तरेकडच्या एका छावणीजवळ पत्रा ठोकून मला घडवलं. हातोड्याचा मार खाल्ला, मग काळा रंग ल्याले, आणि जोतीरामच्या पलंगाखाली जाऊन बसले. त्याच्याबरोबर मी लय मुलूख हिंडले. बर्फ बघितला, वाळू बघितली. जोतीराम सुरुंग काढणाऱ्या पलटणीत होता. जमिनीवर पालथं पडून लोखंडी सळई हळूहळू आत टोचायची आणि खाली काय दडलंय ते हाताला विचारायचं, असं त्याचं काम. पुढे त्याला नवी ट्रंक मिळाली आणि मला त्यानं सुट्टीत कुंडलला घरी आणून ठेवलं.

घरात माणसं दोनच. जोतीरामची आई चंद्राबाई आणि त्याची मुलगी संयोगिता. संयोगिताची आई ती लहान असतानाच गेली होती. चंद्राबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिनं मला पहिल्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "बस हितं. फौजेचा तोरा फौजेत." माझ्या तोडीचं कुणीतरी भेटलं असं मला वाटलं.

नंतरच्या सुट्टीत जोतीरामनं टीव्ही आणला. लाकडी खोक्याचा, काळा-पांढरा, दगडासारखा जड. विजेच्या बटणाची जागा माझ्याच मागच्या भिंतीवर, म्हणून तो मेला माझ्या डोक्यावर येऊन बसला. खाली विणलेला रुमाल, वर तो. सगळं गाव त्याला बघायला यायचं. माझ्याकडे कोण बघतंय? आणि मित्रांनो, गंमत अशी की जो माझ्या डोक्यावर होता तो मला कधीच दिसला नाही. मला दिसायची ती त्याला बघणारी तोंडं. माणसाचं तोंड बघितलं की समोर काय चाललंय ते कळतं, आणि पुष्कळदा जास्तच कळतं.

आता माझ्या पोटात काय होतं ते ऐका. उंदीर आणि ओल यांच्यापासून जपायचं म्हणून संयोगितानं आपली कॉमिक्स माझ्यात ठेवली. तिचा वीर भुयाऱ्या. हा एक खाणकामगार. जमिनीला कान लावला की त्याला दूरचं ऐकू यायचं, बाकी जादूबिदू काही नाही. मार खायचा, उपाशी राहायचा. एका अंकात हात मोडला तर पुढच्या अंकात तो हात गळ्यात बांधलेलाच असायचा. ती पुस्तकं छापणाऱ्या कंपनीचे सगळे वीर एकाच गावात राहायचे, एकमेकांवर रुसायचे आणि संकटात धावून यायचे.

दुसरा वीर अंबरजीत. तो शिवतेजचा. शिवतेज म्हणजे संयोगिताचा चुलतभाऊ, तिच्याच वयाचा, सांगलीला विश्रामबागेत राहायचा. त्याचे वडील नानासो कचेरीत होते आणि घरात असली पुस्तकं दिसली की अंघोळीच्या बंबात घालायचे. म्हणून त्याचीही सगळी कॉमिक्स कुंडलला, माझ्याच पोटात. अंबरजीत आभाळातून उडायचा. त्याला ना घर ना दार. त्याच्या कंपनीचा एकेक वीर आपापल्या आभाळाचा राजा, एकाचं तोंड दुसऱ्यानं बघायचं नाही. कागद मात्र गुळगुळीत आणि अंगरखा असा भगवा-लाल, की झाकण उघडलं की माझ्या पोटात उजेड पडायचा.

सुट्टी लागली की शिवतेज यायचा आणि दोघांची जुंपायची.

"अंबरजीतला गोळी लागत न्हाई," शिवतेज म्हणायचा.

"मग त्यो शूर कसला रं? लागतच न्हाई त्याला भ्यायचं कशाला?"

"आन तुझा सारखा मार खातोय. जितायचंच न्हाई तर पुस्तक काढायचं कशाला?"

चंद्राबाई जवळ तांदूळ निवडत बसलेली असायची. एकदा तिनं अंबरजीतचं चित्र हातात घेऊन लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "असलं अंगाला चिकटलेलं घालून उसात शिरला तर पाचट सोलून काढंल ह्याला." त्यावर दोघंही हसली. भांडणात ती दोघं एका बाजूला यायची ती अशी, आजीच्या तोंडामुळे.

पण कॉमिक्स काढणं सोपं नव्हतं. डोक्यावर तो धोंडा. तो उचलायला दोन माणसं लागायची, एक इकडून, एक तिकडून. चंद्राबाईची कंबर उसाच्या मोळ्या उचलून गेलेली. आणि गावातल्या कुणाला हात लावू द्यायला ती तयार नव्हती, टीव्ही हलला की चित्र जातं असं तिच्या मनानं घेतलं होतं. दोघं नातवंडं तेवढी तिच्या भरवशाची. म्हणजे शिवतेज आला की मी उघडायची आणि तो गेला की मिटायची. तो जायच्या दिवशी संयोगिता एखाददुसरा अंक बाहेर काढून ठेवायची आणि तोच पुढच्या सुट्टीपर्यंत पुन्हापुन्हा वाचायची. तिला दुसरी सोबत नव्हती. आजी होती, पण भुयाऱ्यावर आजीशी भांडता येत नाही.

मग अंबरजीत टीव्हीवर येणार अशी बातमी आली. मालिका, दर रविवारी सकाळी. शिवतेजच्या अंगावर मूठभर मांस चढलं. थोर कोण ते आता टीव्हीच सांगेल, भुयाऱ्याला कुणी टीव्हीवर घेतलंय का, असं त्याचं चाललेलं. दिवाळीची सुट्टी होती. पहिला भाग लागायचा त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संयोगिताला सख्खा भाऊ नाही, ती दरवर्षी शिवतेजलाच ओवाळायची. रविवारी सकाळी दोघांनी टीव्ही उतरवून सगळी कॉमिक्स बाहेर काढली, पडद्यावरचा अंगरखा पुस्तकाशी ताडून बघायला. टीव्ही परत माझ्या डोक्यावर चढला आणि मालिका लागली.

मला पडदा दिसत नव्हता, सांगितलंच. पण शिवतेजचं तोंड मी बघत होते. आधी ते पूर्ण उघडलं. मग हळूहळू मिटत गेलं, आणि का ते पोरांच्या बोलण्यावरून कळलं. पुस्तकातला अंगरखा जाळासारखा, इथे तो राखेसारखा करडा. पुस्तकातला अंबरजीत ताडासारखा, इथल्याला पोट सुटलेलं. आणि तो उडाला, तेव्हा संयोगिता म्हणाली, "दोरी दिसतीया." ती हसायला लागली. चंद्राबाईही हसली. "बारशाला पाळणा टांगावा तसा टांगलाय की गं," म्हणाली.

शिवतेज लाल झाला. हसणं थांबेना तेव्हा त्यानं जे तोंडात आलं ते टाकलं. "माझा वर तरी उडतोय. तुझा भुयारातनं वर येत न्हाई. तुझा बापबी तसलाच. जमिनीत तोंड खुपसून बसलाय, घरला येत न्हाई."

संयोगिताचं हसू तिथंच थिजलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या वेळी माझ्या आतला पत्राही गार पडला. जोतीरामला दोन सणांत सुट्टी मिळाली नव्हती. हिनं भुयाऱ्या का धरून ठेवला होता ते त्या पोरानं बरोबर ओळखलं होतं. म्हणूनच घाव वर्मी बसला.

चंद्राबाईनं आवाज चढवला नाही. "पुस्तकं आत घाला," एवढंच म्हणाली. कॉमिक्स आत गेली, अंबरजीत आणि भुयाऱ्या एकमेकांवर कसेही पडले. पण झाकण उघडायला आधी टीव्ही खाली घ्यावा लागला होता आणि आता तो परत चढवायचा होता. ती दोघं इकडून तिकडून उभी राहिली. एकमेकांकडे न बघता त्यांनी तो उचलला आणि ठेवला. एवढं जड ओझं इतक्या गुपचूप माझ्या डोक्यावर पुन्हा कधी आलं नाही. दुपारच्या सांगली गाडीनं शिवतेज निघून गेला. बाहेर अंक काढून ठेवायचं संयोगिताला त्या दिवशी सुचलंच नाही.

भाऊबीजेला संध्याकाळी ताट तयार होतं. चंद्राबाई तिला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "चंद्राला ओवाळ. त्यो कुटं पळून जात न्हाई." ज्यांना भाऊ नाही त्या पोरी तसंच करतात. उघड्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. चंद्राची कोर एवढीशी, तीही लगेच मावळली. ताट घेऊन ती आत आली तेव्हा निरांजन तेवतच होतं.

मग मे महिन्याची सुट्टी आली, शिवतेज आला नाही. चंद्राबाईनं निरोप धाडला नाही, संयोगितानं धाडा म्हटलं नाही. दोघींचा ताठा एकाच खाणीतला. आजी घरात नसताना संयोगिताला एकदा शेजारच्या तानुबाईला हाक मारून टीव्ही उतरवता आला असता. पण चित्रांच्या पुस्तकांसाठी पोरगी झुरतेय हे गल्लीला कशाला कळू द्यायचं? मी मिटूनच राहिले. पोटात दोन्ही वीर अंधारात, आणि मी माझी एकटी, डोक्यावर बडबड्या घेऊन.

गणपतीत मंडळानं चावडीपुढे पडदा लावला आणि भुयाऱ्याचा सिनेमा आणला. होय, त्याचाही सिनेमा निघाला होता. संयोगितानं वेणीला नवी रिबीन बांधली. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हौसेनं बाहेर पडताना बघितलं नव्हतं. परत आली तेव्हा चप्पल न काढताच आत शिरली. मागून चंद्राबाई आणि तानुबाई उंबऱ्यात बोलत उभ्या राहिल्या, त्यावरून मला कळलं. सिनेमात भुयाऱ्याला पंख लावले होते. खाण नाही, भुयार नाही. बागेत गाणी म्हणत होता आणि शेवटी उडाला. "चांगला व्हता की," तानुबाई म्हणाली. "झ्याक उडाला."

तानुबाईला काय कळणार? आणि चंद्राबाईला तरी? भुयाऱ्यानं उडू नये, हे ज्याला सांगितल्याबरोबर कळलं असतं असा एकच जण होता आणि तो विश्रामबागेत बसला होता. ज्याच्याशी भांडायचं तोच नाही, मग रडायचं कुणापुढं?

संयोगिता माझ्यापुढे आली. टीव्हीखाली दोन्ही हात घातले आणि एकटीनं उचलायला गेली. खरा भुयाऱ्या बघायचा होता तिला, हात गळ्यात बांधलेला. एक बाजू थोडी उचलली गेली आणि निसटली. टीव्हीचा कोपरा माझ्या झाकणावर आदळला. तो हा पोचा.

आवाज ऐकून चंद्राबाई आत आली. आता हिची खैर नाही असं मला वाटलं. पण तिनं टीव्ही चालू करून बघितला, चित्र होतं. मग रुमाल ओढून पोच्यावर सारला आणि म्हणाली, "जेवाय चल." ती माझ्या मनातून उतरली तर नाहीच, उलट चढली.

पुन्हा दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी सांगली गाडी वाजली आणि दारात शिवतेज उभा. वर्षभरात उंच झाला होता, पण मान खाली. चंद्राबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आलास व्हय? म्हंजी चंद्राला औंदा सुट्टी."

तो सरळ माझ्याकडे आला, टीव्हीच्या एका बाजूला हात लावले आणि संयोगिताला म्हणाला, "धर तिकडनं."

ती हलली नाही.

"त्यांनी त्याला उडवला, संयू," तो म्हणाला. "भुयाऱ्याला. मी थेटरातनं निम्म्यातच उठलो. वाईट वाटलं मला. त्यो खालीच पायजे. त्यो खाली हाय म्हणून वरची माणसं नीट चालत्यात." मग माझ्या पुढ्यातल्या नावाकडे बघत म्हणाला, "काकांचंबी तसंच. मी बोललो ते..."

"शेवटपर्यंत बघायचा व्हतास," ती म्हणाली. "शेवटाला तर पंख फडफडवून गानं म्हणतोय."

त्याला हसू फुटलं. तिलाही, पण तिनं ते लपवलं. मग तिनं दुसऱ्या बाजूनं हात घातले. "सावकाश. मागल्या टायमाला हिच्या डोस्क्यावर पडलाय."

रुमाल बाजूला झाला. शिवतेजनं पोच्यात अंगठा बसवून बघितला. "एकटीच उचलाय गेलीस?"

"मग काय गाव बोलवू?"

झाकण उघडलं. वर्षभराचा कोंडलेला वास बाहेर पडला आणि दोघांनी मिळून वीर वेगळे केले, अंबरजीत डावीकडे, भुयाऱ्या उजवीकडे. टीव्ही दिवसभर जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो दिवस माझा, मित्रांनो. बाकीचे सगळे त्याचे.

मग काय व्हायचं ते होत गेलं. शिवतेज फौजेत गेला, काकाच्याच वाटेनं. संयोगिता कराडला शिकायला राहिली. जोतीराम निवृत्त होऊन घरी आला, त्यानं मोठा रंगीत टीव्ही आणला आणि तो नव्या कपाटात बसला. जुना टीव्ही कुणीतरी नेला. मला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलंय. चंद्राबाई पेंड आणायला येते, जाता जाता पदरानं माझ्यावरची धूळ झटकते, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना काही विचारत नाही. पोटात ते दोघे अजून आहेत. कागदाला कसर लागायला लागलीय.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला भंगारात घालू नका. बिजागरीला तेलाचा थेंब सोडा, आतल्या पुस्तकांना ऊन दाखवा. आणि जे एकट्यानं उचलत नाही त्यासाठी हाक मारायला लाजू नका. माझ्या डोक्यावर ओझं होतं तेव्हा मला उघडायला दोघं लागायची, आणि ती दोघं यायची. आता माझ्या डोक्यावर काही नाही. एका बोटानं उघडेन.